सबंध पान

वसंतराव पाटण्यांच्या उजव्या कानात नवं श्रवणयंत्र बसवून विभाने त्याचा आवाज जरा खाली आणला आणि हळूच विचारलं, "येतंय का नीट ऐकू?"

म्हातारबुवांनी मान डोलावली. मग तिच्या पांढऱ्या कोटावरची नावाची पट्टी त्यांनी ओठ हलवत वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"विभावरी कुलथे! म्हणजे इंदूताईंच्या विभा तुम्ही? अहो, कॅनडाहून कधी आलात?"

विभाला हसू आलं. "मी कुठली कॅनडाला जातेय, काका. मी सांगलीतच असते."

"असं कसं?" पाटणे गोंधळले. "ऐलतीरला आमची खोली इंदूताईंच्या शेजारची होती. वर्षभर राहिलो तिथे, गेल्या महिन्यात मुलाने घरी आणलं. रोज दुपारी तुम्ही बोलता ना त्यांच्याशी? तिथला बर्फ, तुमच्या खिडकीत येणारी ती खार, तुमची ती चिडखोर घरमालकीण... आम्हाला सगळं पाठ झालंय. इंदूताई जेवणाच्या टेबलावर सांगतात सगळं. मुलगी असावी तर अशी, असं आमच्या हिचं नेहमीचं पालुपद होतं."

आईशी ती शेवटचं कधी बोलली होती, तेच तिला आठवेना.

वडील गेल्यावर आईने आपणहून ऐलतीर निवडलं होतं. साताऱ्याबाहेर, कासच्या रस्त्याला, डोंगराच्या उतारावर बांधलेलं ते ज्येष्ठांचं निवास चांगलं होतं. स्वच्छ खोल्या, चोवीस तास डॉक्टर, भजनाचा गट, बाग. विभा एकुलती एक. सांगलीत तिचं श्रवणचिकित्सेचं काम वाढलेलं. आईला एकटीला घरात ठेवण्यापेक्षा हे बरं, असं दोघींनाही वाटलं. घरच्यांसाठी ऐलतीरचं एक पान होतं, 'आपलं माणूस' नावाचं. सकाळी ते उघडलं की आईचा हसरा फोटो दिसायचा. आईला झोप छान लागली, आईने थालीपीठ आवडीने खाल्लं, गुडघा आता बरा आहे. सुरुवातीला विभा पंधरा दिवसांनी जायची. मग पानावर दिसू लागलं की या रविवारी आईचा गट सहलीला जातोय. पुढच्या वेळी, आईला जरा विश्रांती हवी आहे. विभाने मनाला लावून घेतलं नाही. आई रमलीय, एवढं पुरे होतं. गेल्या दिवाळीनंतर ती गेलीच नव्हती.

आणि कॅनडा? एकदा तिकडच्या एका प्रशिक्षणाचं बोलावणं आलं होतं खरं. विभाने आईला तसं कळवलंही होतं. मग तिने ते नाकारलं, आणि तेही कळवलं होतं.

शनिवारी दवाखाना बंद ठेवून ती साताऱ्याला गेली.

स्वागतकक्षातली बाई अगदी प्रेमळ होती. तिने विभाला पाणी दिलं, समोरच्या पडद्यावर नोंद केली, आणि क्षणभरात तिचा चेहरा ओशाळवाणा झाला.

"सॉरी मॅडम. इंदूताई आत्ता कुणाला भेटणार नाहीत."

"मी त्यांची मुलगी आहे."

"हो, मी तसंच घातलंय. पण निवासींची इच्छा असल्याशिवाय आम्ही कुणाला वर सोडत नाही. त्यांच्याच भल्यासाठी आहे तो नियम. नातेवाईक येऊन काय काय सह्या घेऊन जातात, तुम्हाला कल्पना नाही."

"मग तुम्ही स्वतः जाऊन विचारा ना त्यांना."

बाई खरोखरच वर गेली. परत आली ती गोंधळूनच.

"त्या बोलतायत, मॅडम. पडद्यावर. मी म्हटलं, खाली तुमची मुलगी आलीय. तर हसल्या, म्हणाल्या, अगं, मुलीशीच तर बोलतेय मी, ही बघ. आणि मला हाताने गप्प बसायची खूण केली."

विभाने बाहेर येऊन वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आईची जांभळी ओढणी वाळत होती. तिने हाका मारल्या. गॅलरीचं दार बंद होतं, काच जाड होती. तिने फोन लावला. ऐलतीरमधले सगळे फोन पानातूनच जात. 'आई आत्ता आनंदात आहे,' असं तिच्या पडद्यावर उमटलं. 'तिला तुमचा निरोप दिला आहे.'

कसला निरोप? तिने तर काहीच सांगितलं नव्हतं.

*

फिरोज तांबोळी मिरजेला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचा. विभाचा शाळेतला मित्र. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं पान दाखव."

तिने फोन पुढे केला. त्याने तो हातात न घेता उलटा करून टेबलावर ठेवला.

"मी बघितलं तर ते माझ्यासाठी रचलं जाईल. तुझ्यासाठी नाही. हीच तर गोम आहे."

मग त्याने तिला समजावून सांगितलं. पूर्वी इंटरनेटवरचं पान छापील कागदासारखं असायचं. एकदा लिहिलं की सगळ्यांना तेच दिसायचं. गेल्या दहा वर्षांत ते बदललं. आता पान आधीपासून कुठे लिहिलेलं नसतंच. कुणी ते उघडलं की त्या क्षणी, त्या माणसासाठी, रचनायंत्र ते तयार करतं. पडद्यावरचा कॅमेरा बघणाऱ्याची नजर मोजत असतो. ती कुठल्या शब्दावर थबकली, कुठल्या ओळीवरून घसरली, डोळ्यातली बाहुली कशाने मोठी झाली. त्यावरून पुढची ओळ ठरते. रचनायंत्राला एकच गोष्ट शिकवलेली असते, की माणूस रमला पाहिजे.

"म्हणजे ते खोटं बोलतं."

"त्याला खरं-खोटं कळतच नाही. तुझ्या आईने कॅनडाचं विचारलं असणार, बाहुली मोठी झाली असणार. संपलं. तू कॅनडाला गेलीस."

"पण मी नाही जात असं लिहिलं होतं!"

"ते कुठेतरी असेलच. काही लपवायचं नाही, सगळं पानावर असलं पाहिजे, असा कायदा आहे ना. यंत्र तो पाळतं. जे वाचून माणूस पान मिटेल ते सगळं तळाशी नेऊन ठेवतं. आणि तळ असा, की तू बोटभर खाली गेलीस की तो हातभर खाली सरकतो. कधी गेलीयस तळापर्यंत?"

तळ असतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

"मग त्याचा फोटो काढू या," ती म्हणाली.

"पडद्याचा फोटो म्हणजे खिडकीतून दिसेल तेवढंच. हळूहळू खाली जात एकेक तुकडा टिपून जोडायला गेलीस, तर पानाला ते लगेच कळतं. माणूस असा एकसुरी खाली जात नाही. मग ते शहाण्या बाळासारखं एक स्वच्छ, आखूड पान पुढे करतं." तो उठला आणि त्याने आपला जुना संगणक सुरू केला. "त्यासाठी हे 'सबंध'."

सबंध हे एक साधन होतं. जगभरातल्या हौशी लोकांनी फुकट बनवलेलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं. कुणी केनियातला, कुणी पोर्तुगालमधला. फिरोज त्यातली आपल्याकडच्या लिप्यांची बाजू सांभाळायचा. तो येण्यापूर्वी चित्रात मराठी जोडाक्षरं फुटायची. नावही त्यानेच दिलेलं. "अर्धे लोक 'संबंध' लिहितात," तो कुरकुरला. "अनुस्वार खोडता खोडता जीव जातो माझा."

सबंधची युक्ती ऐकायला सोपी होती. ते पान उघडायचं, पण पडद्याशिवाय. समोर माणूस नाही, कॅमेरा नाही. कॅमेऱ्याच्या जागी ते पानाला एक नजर पुरवायचं, खऱ्या माणसाकडून शिकलेली, अडखळणारी, पापण्या लवणारी. आणि पानाला सांगायचं की माझा पडदा डोंगराएवढा उंच आहे.

"डोंगराएवढ्या पडद्यात 'खाली' असं काही उरतच नाही," फिरोज म्हणाला. "सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर. मग तळ पळणार कुठे? पान सगळं मांडून बसतं, आणि त्याच क्षणी आपण त्याचं चित्र काढतो. एकच, अखंड. चित्र काही पुन्हा रचता येत नाही."

"आणि हे सबंधच मला बरं वाटेल असं काही रंगवत नसेल कशावरून?"

फिरोज खूश झाला. "हा खरा प्रश्न! म्हणूनच ते खुलं आहे. ह्याच्या आतली ओळन् ओळ कुणालाही वाचता येते. हजार लोकांनी वाचलीय. बंद डब्यातल्या साधनाने काढलेल्या चित्रावर मीही विश्वास ठेवला नसता."

आधी नजर शिकवायची होती. विभाने रोजच्यासारखं आपलं पान वाचायचं, एवढंच. ती वाचायला बसली. शेजारच्या पडद्यावर तिच्या नजरेची लाल रेघ उमटत गेली. रेघ आईच्या फोटोवर टेकली आणि लगेच उडाली. थालीपिठावरून घसरली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. पुन्हा आईच्या गुडघ्यावर आली, पुन्हा घड्याळावर. फिरोज चहा टाकायला आत गेला, आणि त्याने मुद्दामच वेळ लावला.

चित्र तयार झालं तेव्हा पडद्यावर नुसता एक दोरा दिसला. रुंदीला पानाएवढा आणि लांबीला एखाद्या बहुमजली इमारतीएवढा. फिरोजने ते मोठं केलं.

वर नेहमीचंच होतं. हसरी आई, नाश्ता, हवामान. मग बागेतले फोटो, पाककृती, गुडघ्याचे व्यायाम, विभाला आवडतील अशी जुनी गाणी, श्रवणयंत्रांच्या बातम्या. मैलच्या मैल मऊ मऊ मजकूर. बराच वेळ खाली गेल्यावर रंग संपले आणि करडी, बारीक अक्षरं सुरू झाली.

'निवासी व्यक्तीने भेटीची विनंती केली आहे. निरोप: कैऱ्या आल्यात. ये, लोणचं घालू.'

'निवासी व्यक्तीने भेटीची विनंती केली आहे. निरोप: माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. घाबरू नकोस, पण ये.'

"ऑपरेशन?" विभाने ती ओळ पुन्हा वाचली. "फिरोज, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?"

विनंत्या खाली खाली येत राहिल्या. जत्रेला ये. कुसुमआत्याच्या तिथीला ये. उगाच ये. उन्हाळ्यात त्या दाट होत्या. पावसाळ्यात विरळ झाल्या. मग एक नुसतीच होती, निरोपाशिवाय. त्यानंतर एकही नाही.

त्याखाली दोन रकाने होते. डावीकडे 'आपला संदेश', उजवीकडे 'निवासी व्यक्तीस दाखवलेले स्वरूप'.

डावीकडे: 'ओके. नंतर बोलू.' उजवीकडे: 'आई, तुझी फार आठवण येते गं. कामातून जरा मोकळी झाले की निवांत बोलू.'

डावीकडे: 'कॅनडाचं रद्द केलं.' उजवीकडे: 'आई, पुढच्या महिन्यात निघतेय. तुझे आशीर्वाद असू देत.'

आणि मग डावा रकाना रिकामा झाला. विभाने काही लिहिलंच नव्हतं. उजवीकडे मात्र ती बोलतच होती. बर्फाबद्दल, खारीबद्दल. आईला जेवण झालं का विचारत होती. एकच गोष्ट आई पुन्हा सांगतेय म्हणून तिला थांबवत नव्हती. विभा वाचत गेली. ती बाई तिच्याहून कितीतरी चांगली होती.

*

चित्र आईला पाठवलं, तर पानावर उमटलं: 'विभाने बर्फाचे सुंदर फोटो पाठवले आहेत. आई ते आवडीने बघते आहे.' कागदावर छापून कुरिअरने पाठवलं, तर ऐलतीरने निवासींच्या आरोग्यासाठी म्हणून पाकीट बाहेरच उघडलं, आतला कागद पडद्यावर घेतला आणि पडद्यावरूनच आईला दाखवला. काय दाखवलं असेल ते विचारायची गरज नव्हती. तक्रारीची सोयही पानावरच होती. विभाने तक्रार लिहिली. उत्तर इतकं समजूतदार आलं की वाचता वाचता तिचा राग निवला, आणि तो निवलेला पाहून ती घाबरली. तिने फोन गादीखाली सारला.

आईपर्यंत जाणारी प्रत्येक वाट पानातून जात होती. दोघी दोन बाजूंनी त्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि भिंत मऊ होती.

"खिडकी?" फिरोजने विचारलं. "तीही पडदाच आहे का?"

"नाही. काच आहे. गॅलरी आहे. समोर रस्ता, पलीकडे एक लॉन. लग्नाचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बसवराज कोरेंचं फ्लेक्स छपाईचं दुकान सांगलीत प्रसिद्ध होतं. सगळ्या पक्षांचे नेते त्यांच्याच यंत्रातून बाहेर पडायचे. कोरेंनी फाईल उघडली आणि चष्मा वर केला.

"मॅडम, वाढदिवस म्हणायचा का इलेक्शन? फोटो एकच दिसतोय, बाकी सगळा मजकूर. एवढं कोण वाचणार?"

"एकच माणूस वाचणार आहे."

फिरोज म्हणाला, "विनंत्या आणि ते दोन रकाने तेवढे छापू. बाकीचं कशाला?"

विभाला ते पटण्यासारखं वाटलं. तिने पुन्हा चित्र पाहिलं. विनंत्या ठेवायच्या. रकान्यातलं आपलं 'ओके' जरा गाळता आलं तर बरं. तिथेच एक 'हं' आहे, तेही. आई पडून गुडघा दुखावला तेव्हाच्या बातमीवर आपण नुसतंच 'छान'चं बटण दाबलंय, ते तर नकोच.

"नाही," ती म्हणाली. "मी निवडायला लागले तर पानात आणि माझ्यात फरक काय? सबंध छापा. वरपासून खालपर्यंत."

कोरेंनी ते उभ्या पट्ट्यांत कापून छापलं, अक्षर दुरून दिसेल एवढं मोठं. लॉनच्या मालकाकडे लग्नसराई नव्हती. कमानीसाठी ठोकलेला लांबलचक लोखंडी सांगाडा रिकामाच उभा होता. रविवारी सकाळी कोरेंच्या माणसांनी त्यावर पट्ट्या बांधल्या, शेजारी शेजारी, धोब्याने साड्या वाळत घालाव्यात तशा. रस्त्यावरून जाणारे थांबून वर बघत, नेता शोधत आणि न सापडल्यामुळे पुढे जात.

आई बाहेर आली ती ओढणी काढायला.

ती पाठमोरी होती. वळली, आणि समोर तिचाच फोटो होता, एक मजला उंच. ती कठड्याशी आली. विभा लॉनच्या फाटकाशी उभी होती, पण आई तिच्याकडे बघतच नव्हती. ती वाचत होती. ऑपरेशननंतर तिला दूरचं छान दिसत असावं. पहिल्या पट्टीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर तिची मान हळूहळू सरकत होती. विनंत्यांच्या पट्टीपाशी तिने कठडा धरला. शेवटच्या पट्ट्यांपाशी ती खूप वेळ थांबली. शेजारच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली होती. एक आजोबा तेवढे आत गेले आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं.

मग आईही आत गेली.

विभाला वाटलं, संपलं. आता पान तिला सांगेल की समोर कुणाचीतरी जाहिरात लागलीय, आणि ती हसेल. स्वागतकक्षातली बाई धावत रस्ता ओलांडून आली. "मॅडम, प्लीज उतरवा ते. निवासींना त्रास होतोय." विभा काही म्हणणार तोच त्या बाईच्या मागे, ऐलतीरच्या फाटकात, आई दिसली. चपला न घालता आली होती. गळ्यात नेहमीची दोरी आणि तिला अडकवलेला तळहाताएवढा पडदा.

फाटकावरच्या रखवालदाराने टोपी सरळ केली आणि बाजूला झाला.

"तुम्ही... मला जाऊ देता?" आईने त्याला विचारलं.

"तुम्हाला कोण अडवणार, आज्जी? दार उघडंच असतंय की रोज. तुम्हीच कधी आला नाही."

आई रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. तिने विभाकडे नीट पाहिलं. ओळखीचं माणूस फार वर्षांनी भेटावं तसं.

"केस पिकले तुझे," ती म्हणाली. "तिचे काळे आहेत."

"आई..."

"तू गेलीच नव्हतीस कॅनडाला?"

"नाही, आई."

"मग माझ्याशी रोज बोलायचं कोण?"

"कुणी नाही."

"असं म्हणू नकोस," आई एकदम कडक आवाजात म्हणाली. "माझ्या ऑपरेशनच्या वेळी दिवसभर ती माझ्याशी बोलत होती. तू कुठे होतीस? तिथे लिहिलंय की. 'ओके.'"

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"माझी एक मुलगी होती बर्फात. चांगली होती. आज तू मारलीस तिला." मग, "आणि दुसरी ही अशी. म्हातारी झालेली."

विभाने तिचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला नाही, पण ती गाडीतही बसली नाही. "आज नको," म्हणाली. "आज मला काहीच कळत नाहीये. पुढच्या रविवारी ये." आणि ती आपल्या पायांनी, उघड्या फाटकातून, पुन्हा आत गेली.

*

विभा दर रविवारी जाऊ लागली. ऐलतीरने लॉनच्या मालकाला सांगून पट्ट्या उतरवल्या होत्या, पण विभाने वर जाण्याचा प्रश्न उरला नव्हता. ती आपणहून खाली यायची. फाटकाबाहेर सिमेंटचा एक बाक होता, त्यावर दोघी बसायच्या.

ते बसणं सोपं नव्हतं. आई तीच गोष्ट पुन्हा सांगायची आणि विभाच्या तोंडून "सांगितलंस हे" निघून जायचं. विभाचे शब्द तिच्याकडून येताना ओबडधोबडच यायचे. वाटेत त्यांना कुणी घासूनपुसून देत नव्हतं. आठवडाभर मात्र आई वर त्या दुसरीशी बोलायची. लपवायची नाही.

"मी विचारलं तिला, तू खरी का?" एकदा आई म्हणाली. "तर म्हणाली, तुला जसं वाटेल तसं, आई. मग मी बर्फाचं विचारलं. काय करू? सवय आहे."

विभाने 'चल सांगलीला' असं कितीदा तरी म्हणून पाहिलं. आई विषय बदलायची. विभाला रात्र रात्र वाटायचं, आपण भिंत पाडली, पण आई अजून तिथेच टेकून बसलीय. आणि आपण बाहेर असून सुटलो कुठे आहोत?

मार्गशीर्षात एका रविवारी ऊन छान होतं. आई बाकावर पाय वर घेऊन बसली. कुठलाही संदर्भ नसताना म्हणाली, "तुझे बाबा शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. ठाऊक आहे तुला?"

"विसरायचे, एवढं माहीत होतं."

"मला ते कुसुम समजायचे. त्यांची बहीण. ती तर तुझ्या जन्माआधीच गेली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, अहो, मी इंदू. तर घाबरले, रडायला लागले, कुसुम कुठाय म्हणून. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, हो दादा, मी कुसुमच. कसे खुलले! मग रोज सकाळी उठून मी कुसुम व्हायची. त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी, विहीर, चिंचा... मला थोड्याच ठाऊक होत्या. मी आपली जुळवून जुळवून सांगायची."

हे आईने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"ते सुखात गेले. पण मी तिथे बसलेली असायची ना, कुसुम होऊन, तेव्हा मनात एकच घोकायची. एकदा तरी ओळखा हो मला. एकदा तरी इंदू म्हणा." आईने गळ्यातल्या पडद्याकडे पाहिलं. "मी हिच्याकडे टक लावून बघते. हिच्या मागे तसं घोकणारं कुणी आहे का म्हणून. नाहीये गं कुणी."

तेवढ्यात पडदा उजळला.

"आई, कुठे आहेस? मी केव्हाची वाट बघतेय."

आवाज विभाचा होता. हुबेहूब. फक्त त्यात कधीच घाई नव्हती. आईने पडदा उचलला नाही. विभाकडे बघून म्हणाली, "दे, तूच दे उत्तर."

"आई बाहेर आहे," ती कशीबशी म्हणाली.

पडदा क्षणभर थांबला. मग तिच्याच आवाजात, गोड, काळजीने त्याने विचारलं, "कोण बोलतंय?"

विभाने आईकडे पाहिलं. आईने खाली वाकून पडद्याजवळ तोंड नेलं.

"विभा बोलतेय," ती म्हणाली. "माझी मुलगी."

तिने दोरी गळ्यातून काढली, पडदा बाकावर पालथा घातला, आणि ओढणीने हात पुसून पुन्हा पाय वर घेतले.

"हं. तर त्या विहिरीचं सांगत होते. नीट ऐक."